तटस्थाची खातेवही

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. भांडणारे दोघे आपली शक्ती व संपत्ती खर्चून बसतात. तिसरा आपले दुकान उघडे ठेवतो. परंतु या म्हणीत एक अट न बोलता गृहीत धरलेली आहे. तिसऱ्याने माल रोखीने विकला पाहिजे. तो जर दोघांपैकी एकालाच उधारीने माल देऊ लागला आणि ती उधारी त्याच्या एकूण उलाढालीचा मोठा भाग होऊन बसली, तर भांडणाचा निकाल काय लागतो याविषयी तो उदासीन राहू शकत नाही. ऋणको हरला तर धनको बुडतो, हा हिशेब शाळकरी मुलालाही समजतो.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा प्रवेश कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा साधा हिशेब नजरेआड करता येत नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जे राष्ट्र युद्धापासून दूर राहण्याविषयी जवळजवळ एकमताचे होते, तेच राष्ट्र १९१७ च्या एप्रिलमध्ये प्रचंड बहुमताने युद्धात उतरले. मधल्या बत्तीस महिन्यांत असा एकही दिवस दाखवता येत नाही की ज्या दिवशी त्याने तटस्थता सोडण्याचे ठरवले. एकेक नोंद होत गेली, आणि अखेरीस खात्याची बेरीज वेगळीच निघाली.

ऋणको देशाची तटस्थता

२८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि आठवडाभरात रशिया, जर्मनी, फ्रान्स व ब्रिटन त्यात ओढले गेले. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले, तेव्हा हिंदुस्थानही आपोआप युद्धात गेला; येथील जनतेला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेपुढे मात्र निवड होती. राष्ट्राध्यक्ष वूड्रो विल्सन यांनी तटस्थतेची घोषणा केली आणि १९ ऑगस्टच्या निवेदनात केवळ कृतीने नव्हे तर विचारानेही निःपक्ष राहण्याचे आवाहन नागरिकांना केले. त्यामागे व्यावहारिक कारण होते. त्या देशात दर तीन माणसांमागे साधारण एक जण परदेशात जन्मलेला किंवा परदेशातून आलेल्या आईबापांचा होता. जर्मनवंशीय लाखोंच्या संख्येने होते; आयर्लंडमधून आलेल्यांच्या मनात ब्रिटनविषयी कटुता होती. एका बाजूने झुकणे म्हणजे घरातच फूट पाडणे होते.

आज अमेरिका म्हटले की जगाचा सावकार डोळ्यांपुढे येतो. १९१४ ची अमेरिका तशी नव्हती. तिचे कारखाने मोठे होते, शेती अफाट होती. परंतु रेल्वे व उद्योग उभारण्यासाठी युरोपातून, विशेषतः लंडनमधून, घेतलेले भांडवल इतके होते की येणे-देणे वजा जाता तो देश तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा ऋणको होता. युद्ध पेटताच युरोपीय गुंतवणूकदारांनी आपले अमेरिकी रोखे विकून सोने मागण्यास आरंभ केला. ३१ जुलैला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद करावा लागला आणि तो पुढे चार महिने पूर्ववत झाला नाही. दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे पीक तयार होते, पण ते नेणारी जहाजे नव्हती व युरोपातील गिऱ्हाईक अदृश्य झाले होते. कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. युद्धाचा पहिला अनुभव अमेरिकेला नफ्याचा नव्हे, तर मंदीचा आला. पुढे जे घडले ते समजण्यासाठी या पहिल्या धक्क्याची स्मृती ध्यानात ठेवली पाहिजे.

उधारी की कर्ज?

ऑगस्ट १९१४ मध्येच जे. पी. मॉर्गन आणि कंपनी या न्यूयॉर्कच्या पेढीने सरकारकडे विचारणा केली की, फ्रान्सला कर्ज देण्यास हरकत आहे काय? परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे ग्रामीण अमेरिकेचे, धार्मिक वृत्तीचे आणि युद्धाचा मनापासून तिटकारा असलेले नेते होते. त्यांनी विल्सन यांना कळवले की सर्व निषिद्ध मालांत पैसा हा सर्वांत वाईट, कारण त्याच्या बळावर इतर सर्व वस्तू मागवता येतात. शिवाय, निरनिराळ्या देशांचे कर्जरोखे घेणारे नागरिक त्या त्या देशाच्या विजयाची इच्छा धरू लागतील आणि देश आतून दुभंगेल, असेही त्यांनी बजावले. युद्धमान राष्ट्राला कर्ज देणे तटस्थतेच्या खऱ्या वृत्तीशी विसंगत आहे, असे उत्तर सरकारने दिले.

ब्रायन यांचा इशारा नेमका होता. परंतु तो दोन-तीन महिनेही टिकला नाही. मित्रराष्ट्रांना माल हवा होता, अमेरिकेला गिऱ्हाईक हवे होते, आणि दोघांच्या मधे रोकडीची अडचण होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये विल्सन यांनी एक सूक्ष्म भेद मान्य केला. जनतेत रोखे विकून उभारलेले सार्वजनिक कर्ज वेगळे, आणि व्यापार सुरळीत चालावा म्हणून बँकांनी विक्रीपोटी दिलेली उधारी वेगळी. पहिले अयोग्य, दुसरे व्यापारी सोयीचे. हा निर्णय मोठा गाजावाजा न करता संबंधितांना कळवण्यात आला.

बँकेच्या कामकाजाशी परिचय असलेल्या कोणालाही या भेदाचे आयुष्य किती असते हे सांगण्याची गरज नाही. अल्प मुदतीची उधारी मुदत संपताच फेडली गेली, तर ती उधारी. तिचे नूतनीकरण होत राहिले, तर ती कर्जच होय; केवळ वहीतील मथळा निराळा असतो.

एका गिऱ्हाइकाचा अडत्या

जानेवारी १९१५ मध्ये मॉर्गन पेढी ब्रिटिश सरकारची अमेरिकेतील खरेदीची अधिकृत अडत्या झाली. काही महिन्यांनी फ्रान्सचेही काम तिच्याकडे आले. तोपर्यंत निरनिराळे खरेदीदार आपापसांत चढाओढ करून भाव वाढवीत होते. ती अव्यवस्था थांबवण्यासाठी पेढीने स्वतंत्र खरेदी विभाग काढला आणि एडवर्ड स्टेटिनियस यांना त्याचे प्रमुख नेमले. गहू, कापूस, तांबे, पोलाद, घोडे, दारूगोळा, सर्व काही या एका खिडकीतून खरेदी होऊ लागले. युद्धाच्या काळात या विभागाने सुमारे तीन अब्ज डॉलरची खरेदी केली आणि साधारण एक टक्का दराने सुमारे तीन कोटी डॉलर अडत मिळवली.

या व्यवहारात बेकायदेशीर असे काहीही नव्हते. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे तटस्थ देशातील खाजगी व्यापाऱ्यास युद्धमान राष्ट्रांना माल विकण्याची मुभा होती. जर्मनीनेही यावे, पैसे मोजावेत आणि माल न्यावा, अशी अमेरिकेची भूमिका होती. परंतु जर्मनीला ते शक्य नव्हते. ब्रिटिश आरमाराने उत्तर समुद्राची नाकेबंदी केली होती, आणि अन्नधान्यापासून पुढे कापसापर्यंत सर्व काही निषिद्ध मालाच्या यादीत गेले होते. दुकानाचे दार दोघांना सारखेच उघडे होते. एकाच्या वाटेत मात्र दुसरा काठी घेऊन उभा होता.

परिणाम आकड्यांत दिसतो. मित्रराष्ट्रांशी अमेरिकेचा व्यापार १९१४ मध्ये सुमारे साडेब्याऐंशी कोटी डॉलरचा होता; १९१६ मध्ये तो तीन अब्ज वीस कोटींवर गेला. त्याच काळात जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशी असलेला सुमारे सतरा कोटींचा व्यापार घटून जेमतेम दहा लाखांवर आला. नियम समान होता, फळ असमान होते. तटस्थतेचे मोजमाप नियमाने करावयाचे की फळाने, हा वाद तेव्हाही होता आणि आजही मिटलेला नाही.

१९१५ च्या उन्हाळ्यात ब्रिटनची डॉलरची चणचण तीव्र झाली आणि पौंडाचा भाव घसरू लागला. अर्थमंत्री विल्यम मॅकॅडू यांनी विल्सन यांना लिहिले की देशातील तेजी टिकवावयाची असेल तर तिला अर्थपुरवठा केलाच पाहिजे. परराष्ट्र खात्यानेही तोच सूर लावला. एक वर्षापूर्वी घातलेला निर्बंध कोणतीही जाहीर घोषणा न होता नाहीसा झाला. ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रिटन व फ्रान्सच्या संयुक्त नावे पन्नास कोटी डॉलरचे, पाच वर्षे मुदतीचे, पाच टक्के व्याजाचे कर्ज अमेरिकेत उभारण्यात आले. त्याला तारण नव्हते. दोन सरकारांचा शब्द हीच हमी होती. मध्य-पश्चिमेकडील जर्मनवंशीय ठेवीदारांच्या रोषामुळे तेथील अनेक बँका या कर्जापासून दूर राहिल्या. ब्रायन यांनी वर्तवलेली दुफळी नेमकी याच ठिकाणी उघडी पडली.

ब्रायन मात्र तोपर्यंत मंत्रिमंडळात नव्हते. त्याचे कारण समुद्रात घडले होते.

माल जप्त करणे आणि माणूस बुडवणे

जर्मनीकडे ब्रिटनएवढे आरमार नव्हते, पाणबुडी होती. ४ फेब्रुवारी १९१५ रोजी तिने ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तेथे सापडणारी शत्रूची व्यापारी जहाजे बुडवण्याचा निश्चय केला. तटस्थ जहाजांनाही धोका असेल, असे बजावण्यात आले. जुन्या नियमानुसार व्यापारी जहाज थांबवून, तपासून, त्यावरील माणसांना सुरक्षित उतरवूनच ते बुडवता येत असे. नाजूक पाणबुडीला पृष्ठभागावर येऊन हे सोपस्कार करणे धोक्याचे होते.

७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पाणतीराने अठरा मिनिटांत बुडाले. सुमारे बाराशे माणसे मेली. त्यांत १२८ अमेरिकी होते. जहाजावर रायफलींच्या काडतुसांच्या पेट्याही होत्या. विल्सन यांनी जर्मनीला कडक खलिते धाडले. युद्धमान देशाच्या जहाजावरून प्रवास करण्यास अमेरिकी नागरिकांना मनाई करावी, आणि जर्मनीच्या पाणबुडीइतकाच ब्रिटनच्या नाकेबंदीचाही निषेध करावा, असा ब्रायन यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही आणि जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले रॉबर्ट लान्सिंग मनाने मित्रराष्ट्रांच्या बाजूचे होते.

येथे विल्सन यांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. ब्रिटन माल अडवीत होते. जर्मनी माणसे मारीत होती. जप्त मालाची भरपाई पुढे मागता येते, बुडालेल्या माणसाची नाही. सामान्य अमेरिकी माणसाला हा भेद कायद्याच्या पुस्तकांवाचून समजत होता. जर्मनीच्या बाजूनेही एक उत्तर होते: नाकेबंदीने जर्मन घरांतील अन्न आटत होते, आणि उपासमारीचा आवाज पाणतीरासारखा ऐकू येत नसला तरी तिनेही माणसे मरतात.

मार्च १९१६ मध्ये ‘ससेक्स’ या खाडीपार करणाऱ्या फ्रेंच प्रवासी जहाजावर हल्ला झाला. असे पुन्हा झाल्यास संबंध तोडू, असे विल्सन यांनी बजावले, आणि मे महिन्यात जर्मनीने सूचना न देता व्यापारी जहाजे न बुडवण्याचे वचन दिले. विल्सन यांचा तो विजय मानला गेला. परंतु त्या विजयाची एक किंमत होती. अमेरिकेने आपली मर्यादा शब्दांत बांधून टाकली होती. यापुढे युद्धात उतरावयाचे की नाही, हे वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर जर्मन नौदलाच्या कचेरीत ठरणार होते.

हात आखडण्याची एक संधी

या कथेत १९१६ चा उत्तरार्ध सर्वाधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्या वेळी अमेरिका युद्धाकडे नव्हे तर युद्धापासून दूर जात होती. जुलैमध्ये ब्रिटनने शत्रूशी संबंध असल्याच्या संशयावरून ऐंशीहून अधिक अमेरिकी व्यक्तींची व पेढ्यांची काळी यादी प्रसिद्ध केली. विल्सन कमालीचे संतापले. नोव्हेंबरची निवडणूक त्यांनी ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ या प्रचारावर लढवली आणि कॅलिफोर्नियातील चार हजारांहून कमी मतांच्या आघाडीने ती जिंकली.

त्याच सुमारास लंडनमध्ये वेगळाच हिशेब चालू होता. ब्रिटिश अर्थखात्यात काम करणारे तरुण अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ऑक्टोबर १९१६ मध्ये मांडले की युद्धासाठी दररोज खर्च होणाऱ्या पन्नास लाख पौंडांपैकी सुमारे वीस लाख उत्तर अमेरिकेतून उभे करावे लागत आहेत. हीच गती राहिली तर पुढील उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्या अटी ब्रिटनवर लादू शकेल. नवी कर्जे आता तारणावाचून मिळत नव्हती. ब्रिटिश नागरिकांकडचे अमेरिकी रोखे सरकार गोळा करून न्यूयॉर्कला गहाण ठेवीत होते, आणि तो साठाही संपत आला होता.

अशा वेळी मॉर्गन पेढीने तारण नसलेली अल्प मुदतीची ब्रिटिश ट्रेझरी बिले अमेरिकी बँकांना विकण्याचा बेत केला. २८ नोव्हेंबर १९१६ रोजी फेडरल रिझर्व्ह मंडळाने बँकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली: अशी बिले कागदोपत्री अल्प मुदतीची असली तरी नूतनीकरणामुळे ती वस्तुतः दीर्घ मुदतीची होतात, बँकांनी आपला पैसा त्यांत अडकवू नये. या सूचनेची भाषा विल्सन यांनी स्वतः अधिक कडक करून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी ज्या भेदाच्या आधारे उधारीचे दार उघडले, तोच भेद फसवा असल्याचे आता सरकारी मंडळच सांगत होते. बिलांचा बेत सोडून द्यावा लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सावकारांनी अमेरिकेला ओढून युद्धात नेले, हे नंतरच्या काळात लोकप्रिय झालेले स्पष्टीकरण अपुरे आहे. उधारी थांबवण्याचे सामर्थ्य सरकारकडे होते आणि त्याने ते वापरलेही. डिसेंबरात विल्सन यांनी दोन्ही पक्षांना तहाच्या अटी विचारल्या. २२ जानेवारी १९१७ रोजी विजयाविना शांततेचे आवाहन केले. आणखी पाच-सहा महिने असेच गेले असते तर ब्रिटनला डॉलरअभावी तहाच्या बोलणीस बसावे लागले असते, असे मानण्यास जागा आहे.

दहा आठवडे

जर्मनीने मात्र हे पाच-सहा महिने दिले नाहीत. ब्रिटनची डॉलरची चणचण कोणत्या टोकाला गेली आहे, हे बर्लिनला दिसत नव्हते. नौदलप्रमुख होल्टसेनडॉर्फ यांनी आकडेमोड केली होती की दरमहा सहा लाख टन जहाजे बुडवल्यास पाच महिन्यांत ब्रिटन शरण येईल. अमेरिका उतरली तरी तिचे सैन्य वेळेत पोहोचणार नाही. ९ जानेवारी १९१७ रोजी कैसरसमोरच्या बैठकीत हा बेत मंजूर झाला. १ फेब्रुवारीपासून तटस्थांची जहाजेही सूचनेविना बुडवली जाणार होती.

३ फेब्रुवारीला विल्सन यांनी राजनैतिक संबंध तोडले. युद्ध मात्र पुकारले नाही. मग दुसरी नाकेबंदी सुरू झाली, ती भीतीची. अमेरिकी जहाजमालकांनी जहाजे बंदरातच रोखली. गहू व कापूस धक्क्यांवर साचू लागले, मालगाड्या मागे आतपर्यंत अडकून पडल्या. १९१४ च्या मंदीची आठवण जागी झाली.

याच महिन्यात जर्मन परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमन यांची गुप्त तार ब्रिटिशांनी उलगडून अमेरिकेच्या हाती दिली. अमेरिका युद्धात उतरल्यास मेक्सिकोने जर्मनीशी हातमिळवणी करावी आणि टेक्सस, न्यू मेक्सिको व ॲरिझोना हे गमावलेले प्रदेश परत घ्यावेत, असा तीत प्रस्ताव होता. १ मार्चला ती वृत्तपत्रांत आली. ती बनावट असल्याचा संशय घेणारे अनेक होते, परंतु दोनच दिवसांत झिमरमन यांनी स्वतः ती खरी असल्याचे मान्य केले. युरोपचे भांडण दूरचे मानणाऱ्या पश्चिमेकडील राज्यांना ते एकाएकी आपल्या कुंपणाशी आलेले दिसले.

५ मार्चला लंडनमधील अमेरिकी राजदूत वॉल्टर हाइन्स पेज यांनी कळवले की ब्रिटनची आर्थिक निकड आता कोणत्याही खाजगी पेढीच्या आवाक्यापलीकडे गेली आहे. युद्धात उतरल्यानेच कदाचित सध्याचा व्यापार टिकू शकेल. पेज ब्रिटनचे उघड पक्षपाती होते आणि विल्सन त्यांच्या मतांना फारसे महत्त्व देत नसत. तरीही ज्या गोष्टी इतर लोक मनात ठेवीत होते, त्या या तारेत लिहिल्या गेल्या. मार्चच्या मध्यास झारने सिंहासन सोडले आणि मित्रराष्ट्रांच्या रांगेत निरंकुश राजेशाही असल्याची अडचण दूर झाली. त्याच दिवसांत तीन अमेरिकी जहाजे बुडवली गेली. २० मार्चला मंत्रिमंडळ एकमुखाने युद्धाच्या बाजूचे झाले. २ एप्रिलला विल्सन संसदेपुढे उभे राहिले.

सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी ठराव संमत झाला. विरोधकांत अमेरिकी संसदेतील पहिल्या महिला सदस्य जिनेट रँकिन होत्या. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी, आपण सोन्याच्या हुकमावरून युद्धात जात आहोत आणि राष्ट्रध्वजावर डॉलरचे चिन्ह उमटवीत आहोत, असा घणाघाती आरोप केला. त्या दिवसापर्यंत अमेरिकी गुंतवणूकदारांचे मित्रराष्ट्रांकडे सुमारे दोन अब्ज तीस कोटी डॉलरचे येणे होते. जर्मनीकडे जेमतेम दोन कोटी सत्तर लाखांचे.

जे तटस्थ राहिले

व्यापार हेच युद्धप्रवेशाचे एकमेव कारण मानावे, तर हॉलंड, नॉर्वे, डेन्मार्क व स्वीडन यांचा उलगडा होत नाही. त्यांचाही व्यापार युद्धमान राष्ट्रांशी होता, आणि हानी अमेरिकेहून कितीतरी अधिक होती. नॉर्वेच्या व्यापारी जहाजांपैकी जवळजवळ निम्मी बुडाली आणि सुमारे दोन हजार खलाशी मेले. तरीही नॉर्वे युद्धात उतरला नाही. हॉलंडमध्ये १९१४ च्या नोव्हेंबरात बँकर व व्यापारी यांनी एकत्र येऊन एक खाजगी संस्था स्थापन केली. समुद्रमार्गे येणारा माल जर्मनीला पुन्हा विकला जाणार नाही, अशी हमी ती प्रत्येक व्यापाऱ्याकडून घेई व ब्रिटनला देई. जे सरकारने केले असते तर तटस्थतेचा भंग ठरला असता, ते व्यापाऱ्यांनी आपल्या शब्दाच्या पतीवर केले.

अर्थात, लहान राष्ट्रांचे शहाणपण काही अंशी असहायतेचे होते. जर्मन सैन्य हॉलंडच्या सीमेला लागून होते. अपमान गिळण्यावाचून त्यांना मार्ग नव्हता. अमेरिका इतकी मोठी होती की तिला अपमान गिळणे भाग नव्हते, आणि तिचा पैसा एका पक्षात इतका गुंतला होता की त्या पक्षाचे नुकसान तिला आपले वाटू लागले होते. पाणबुडीने ठिणगी टाकली. परंतु गवत तीन वर्षे वाळत होते.

हिशेबाचा शेवट

युद्धात उतरताच एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकी सरकारने ‘लिबर्टी लोन’ काढून मित्रराष्ट्रांना स्वतः कर्ज देण्यास आरंभ केला. मग खाजगी पेढ्यांची चिंता मिटली. १९१५ च्या पन्नास कोटींच्या कर्जाची मुदत १९२० मध्ये भरली, तेव्हा ते फेडले गेले. सरकारने युद्धकाळात व लगेच नंतर दिलेली सुमारे दहा अब्ज डॉलरची कर्जे मात्र वाटाघाटी, सवलती व स्थगिती यांतून जात १९३० च्या दशकात बहुतांशी थकली. जोखीम पेढीच्या वहीतून करदात्याच्या वहीत गेली आणि तेथे बुडाली. सुमारे एक लाख सोळा हजार अमेरिकी सैनिक परतले नाहीत. त्यांतील निम्म्याहून अधिक साथीच्या व इतर रोगांना बळी पडले.

या युद्धप्रवेशाचा एक धागा मुंबईच्या सराफ बाजारापर्यंतही येतो. हिंदुस्थानातून होणारी युद्धखरेदी रुपयांत चुकवावी लागे, आणि १९१७ मध्ये चांदीचा भाव इतका चढला की रुपयातील चांदी त्याच्या दर्शनी किमतीहून महाग झाली. सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली, तरी लोक चांदीच मागत होते. अखेर एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने आपल्या खजिन्यातील चांदीचे डॉलर वितळवून सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. तोवर तटस्थ असलेला सावकार आता भागीदार झाला होता, आणि भागीदाराची पत राखणे हे त्याचेच काम झाले होते.

१९३४ मध्ये सिनेटर जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटच्या समितीने शस्त्रउत्पादक व पेढ्या यांची चौकशी सुरू केली. कोणी कट केल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु त्या वातावरणात झालेले कायदे बोलके आहेत. १९३६ मध्ये युद्धमान राष्ट्रांना कर्ज देण्यास बंदी झाली, आणि १९३७ मध्ये नियम आला की ठरावीक माल घेणाऱ्याने रोख पैसे मोजावेत व तो स्वतःच्या जहाजातून न्यावा. ब्रायन यांनी १९१४ मध्ये सांगितलेले तत्त्व तेवीस वर्षांनी, तेही फार मोठी किंमत मोजून, कायद्याच्या पुस्तकात आले. दुसऱ्या महायुद्धात तेही टिकले नाही. मार्च १९४१ मध्ये ‘लेंड-लीज’ कायद्याने अमेरिका पुन्हा एका पक्षाची पुरवठादार झाली, आणि डिसेंबरात जपानच्या हल्ल्याने युद्धात ओढली गेली. त्या वेळी समोर नाझी राजवट होती, आणि तटस्थ राहणे हेच श्रेयस्कर होते असे आज क्वचितच कोणी म्हणेल.

म्हणून या इतिहासाचा बोध ‘तटस्थता नेहमी चांगली’ असा सरधोपट नाही. राष्ट्राने पक्ष घ्यावा की न घ्यावा, हा विवेकाचा प्रश्न आहे, आणि तो उघडपणे, परिणाम तोलून, एका ठरावीक दिवशी सोडवला पाहिजे. अमेरिकेने १९१७ मध्ये मतदान केले ते उघडपणेच. परंतु तोपर्यंत ऑक्टोबर १९१४ ची उधारी, १९१५ चे कर्ज आणि १९१६ चा निर्वाणीचा इशारा यांनी पर्याय बरेच कमी करून टाकले होते. त्यांतील प्रत्येक निर्णय त्या दिवशी वाजवी होता, प्रत्येकाला सही करणारा सज्जन मनुष्य होता, आणि प्रत्येकाच्या वेळी असेच सांगितले गेले की यात पक्ष घेण्याचा प्रश्न नाही, हा केवळ व्यवहार आहे.